पारधी वस्ती, पोलीस ठाणं आणि कोर्ट: तालुक्यातला भेदभाव मोजायचा कसा, कमी करायचा कसा

रात्री अडीच-तीनला वस्तीवरून फोन येतो. "ताई, गाडी आलती. तिघांला नेलं." गाडी कुठल्या ठाण्याची, गुन्हा कोणता, नेलं कुठे, यातलं काहीच फोन करणारीला माहीत नसतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्यात फासेपारध्यांच्या वस्त्यांसोबत काम करताना असे फोन मी खूप घेतले. पहिली काही वर्षं प्रत्येक फोनला नुसती धावले. माणूस सुटला की घरी यायचं आणि पुढच्या फोनची वाट बघायची, एवढंच चालायचं. हळूहळू कळलं, की तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते आहे आणि ती पुन्हा पुन्हा घडते हे सिद्ध करायला माझ्याकडे एकही कागद नाही. तुमच्या तालुक्यात हे काम करायचं असेल तर ते कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहिते आहे. मी पारध्यांबद्दल लिहिते आहे, पण कैकाडी, वडार, रामोशी, कंजारभाट यांच्या वस्त्यांवरही यातलं बहुतेक लागू पडेल.

मागचं थोडक्यात. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याने काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. हजेरी, पास, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट हे सगळं त्यातून आलं. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर त्यात जात नव्हती. ठाण्यातल्या जुन्या याद्या मात्र त्याच होत्या, आणि नव्या कायद्याखाली त्याच लोकांवर नजर राहिली.

आधी वस्तीची संमती आणि वस्तीचे कागद

वस्तीतल्या लोकांना, त्यातही बायकांना, विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका. तक्रार केली की दुसऱ्या रात्री गाडी पुन्हा येऊ शकते, आणि ती तुमच्या दारात येत नाही. कोणत्या प्रकरणात कुठवर जायचं हे ज्याचं घर आहे त्यानेच ठरवायचं.

मग प्रत्येक कुटुंबाची एक फाइल करा. पालात पावसाचं पाणी येतं, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत एक संच घरी आणि दुसरा तुमच्याकडे. त्यात आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले किंवा शाळेचे निर्गम उतारे, आधीच्या प्रत्येक केसचा गुन्हा रजिस्टर नंबर, जामिनाचे आणि निर्दोष सुटकेचे आदेश ठेवा. निर्दोष सुटल्याचा कागद लोक फेकून देतात. तो सर्वात जपायचा, कारण ठाण्याच्या रेकॉर्डवर गुन्हा दाखल झाल्याचं राहतं आणि सुटल्याचं बऱ्याचदा चढतच नाही.

जातीच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्या. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींच्या यादीत. हा फरक नुसत्या शिष्यवृत्तीचा नाही. अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण पहिल्यांना मिळतं, दुसऱ्यांना मिळत नाही. दाखला नसेल तर तहसीलचे हेलपाटे आत्ताच सुरू करा. अटक झाल्यावर त्याला वेळ मिळत नाही.

वयाचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा. 2003 च्या एका दरोडा-खुनाच्या खटल्यात महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी सुनावली. 5 मार्च 2019 ला त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तोवर 16 वर्षं तुरुंगात गेली होती. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. या खटल्यातली आणखी एक गोष्ट तुमच्या तालुक्यातल्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगण्यासारखी आहे. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंमधून दुसऱ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्यांचा तपास झालाच नाही.

वही

साधी शंभर पानी वही घ्या, नंतर ती संगणकावर चढवता येईल. माझ्या वहीत प्रत्येक उचलण्याची एक ओळ असते. उचलल्याची तारीख आणि वेळ, घरून की रस्त्यावरून, गाडीचा नंबर, ठाणं की स्थानिक गुन्हे शाखा, कागदावर दाखवलेली अटकेची वेळ, कलम, फिर्याद कुणाची, फिर्यादीत नाव होतं की 'अज्ञात इसम', पोलीस कोठडी किती दिवस, जामीन कधी मंजूर झाला, माणूस प्रत्यक्ष बाहेर कधी आला, आणि शेवटी निकाल.

यातले तीन रकाने सोडू नका.

पहिला, उचलल्याची खरी वेळ आणि कागदावरची वेळ. दोन्हींमध्ये जे तास किंवा दिवस असतात, त्यातच मारहाण होते. 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची अट कागदावरच्या वेळेपासून मोजली जाते.

दुसरा, जामीन मंजूर झाल्याची तारीख आणि सुटकेची तारीख.

तिसरा, फिर्याद कुणाची. सगळ्या वहीतला सर्वात बोलका रकाना हाच. घरफोडी झाली की फिर्यादी घरमालक असतो, त्याला पोलीस नाही म्हणू शकत नाहीत. पण काही गुन्ह्यांत फिर्यादी स्वतः पोलीसच असतात. दरोड्याच्या तयारीत असल्याचं कलम, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या 310 मधली पोटकलमं. सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत आढळल्याचं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 122. चांगल्या वर्तणुकीच्या हमीसाठीचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 129, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 110. इथे कुणाला धरायचं हे पूर्णपणे अधिकाऱ्याच्या मनावर असतं, म्हणून नजरेतला भेद इथे सर्वात स्वच्छ दिसतो. पंचनामे शेजारी शेजारी ठेवून वाचा. पाच माणसं, एक दोरी, एक कोयता, मिरचीची पूड, कटावणी. गाव बदलतं, यादी तीच राहते.

वहीत नावाऐवजी क्रमांक लिहा. नावांची यादी वेगळी, कुलुपात. अल्पवयीन मुलांची नावं कुठेच नकोत.

सरकारी कागदातून तुलना

वस्तीची वही एकटी पुरत नाही. अधिकारी पहिलाच प्रश्न विचारतात, "इतरांनाही असंच होतं, यात पारध्यांचं वेगळं काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपण द्यायला हवं.

पोलिसांच्या संकेतस्थळावर, संवेदनशील गुन्हे सोडून, एफआयआर टाकणं 2016 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधनकारक आहे. तुमच्या ठाण्याचे दोन वर्षांचे एफआयआर उतरवून घ्या. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर ठाणं आणि एफआयआर नंबर टाकला की खटल्याची स्थिती आणि तारखा मिळतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 प्रमाणे प्रत्येक ठाण्यात अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप ठळकपणे लावायला हवं. फलक नसेल तर तो लावा असा लेखी अर्ज करणं हीच तुमची पहिली, कुणालाही न दुखावणारी मागणी असू द्या.

उरलेलं माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. नावं मागू नका, नकाराला निमित्त मिळतं. फक्त आकडे मागा. कलम 122 खाली वर्षात किती कारवाया, 129 खाली किती नोटिसा, तडीपारीचे किती प्रस्ताव आणि किती मंजूर, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत किती जणांना अटकेऐवजी हजर राहण्याची, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची नोटीस आणि किती जणांना थेट अटक. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आता एक अडचण, जी बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांच्या लक्षात येत नाही. पारध्यांची आडनावं काळे, भोसले, पवार, चव्हाण, शिंदे अशीच आहेत. एफआयआरवर आडनाव बघून जात मोजायला गेलात तर अर्धा तालुका चुकेल. पत्ता बघा आणि वस्तीतल्या दोन जाणत्या बायकांसोबत बसून यादी पडताळा. राष्ट्रीय तुरुंग आकडेवारीही इथे कामी येत नाही. त्यात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास एवढेच गट असतात, त्यामुळे पारधी, भिल्ल आणि गोंड एकाच रकान्यात जातात.

तुलना सारख्याची सारख्याशी करा. चोरीच्या त्याच कलमात, पहिल्याच गुन्ह्यात, वस्तीतल्या माणसाला अटक झाली की नोटीस, आणि गावातल्या माणसाला काय. समजा गावातल्या दहांपैकी सात जणांना नोटीस मिळाली आणि वस्तीतल्या दहांपैकी एकालाच, तर बोलायला जागा आहे. आकडा एवढा लहान असेल तर टक्केवारी काढू नका, "दहांपैकी एक" असंच लिहा. टक्केवारी मोठी वाटते, आणि एक चूक सापडली की सगळी वही बाद होते. आधीचे गुन्हे असलेल्या माणसाची तुलना आधीचे गुन्हे असलेल्याशीच करा. हा नियम आपल्या विरुद्ध जातो असं वाटेल. जाऊ द्या. त्यानंतरही जे उरेल ते कुणाला खोडता येणार नाही.

फोन आल्यानंतरचे 24 तास

वस्तीतल्या दोन बायका आणि दोन तरुण यांना हे तोंडपाठ असू द्या. मी पाठांतर घेते, लाजत नाही.

गाडी आली की नंबर, अंगावर पोलिसांची नावाची पट्टी आहे का, आणि वेळ. शक्य तर फोनमध्ये चित्रण. रात्री बाईला न्यायदंडाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि महिला अधिकाऱ्याशिवाय, अपवादात्मक परिस्थिती सोडता, अटक करता येत नाही, हे मोठ्याने म्हणायचं. मुलाला उचललं तर त्याचं वय ओरडून सांगायचं. बाल न्याय कायद्याने त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

लगेच 15100 वर विधी सेवेचा फोन, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला संदेश. अनुसूचित जमातीची व्यक्ती, बाई, किंवा कोठडीतला कुणीही, यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारलं जात नाही. ठाण्यात एकटं जाऊ नका, आणि जमावही नेऊ नका. दोघी-तिघी आणि एक वकील. अटकेची कारणं लेखी मागा, अटकेच्या पंचनाम्यावर घरच्याची सही आणि वेळ बघा. ही सही आणि वेळ सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या डी. के. बसू निकालापासून बंधनकारक आहे, कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणीही त्यातच आहे. ठाण्यातून उत्तर मिळालं नाही तर पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात ईमेल टाका. मजकूर दोन ओळींचा, पण वेळेसह. पुढे कोर्टात त्या ईमेलची वेळ हाच पुरावा होतो.

कोर्टात उभं केलं की न्यायदंडाधिकारी विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" माणूस मान हलवतो, नाही म्हणतो. कारण परत त्याच गाडीत बसायचं असतं. वकिलाने आधी पाच मिनिटं बाजूला भेटून त्याला हे सांगायला हवं, की आत्ता बोललास तर ते रोजनाम्यात येईल आणि तपासणीचा आदेश होईल, नंतर बोललास तर कुणी मानणार नाही. पाय दाखवायला सांगा. मार बहुतेक तळव्यांवर असतो.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज त्याच आठवड्यात द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे हवेत आणि चित्रण 18 महिने टिकायला हवं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने सक्तीचं आहे. अंगावरचं डोरलं मुद्देमाल म्हणून गेलं असेल तर ते चित्रण मागा, आणि दागिन्याची पावती किंवा लग्नातला फोटो जोडा.

जामीन झाला, माणूस आत

माझ्या वहीत सर्वाधिक दिवस इथे सांडलेले आहेत. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणायचा? सातबारा असलेला माणूस पारध्याच्या मागे उभा राहत नाही. वस्ती गायरानावर, नावावर गुंठा नाही. मग जामीन देणारे व्यावसायिक लोक येतात आणि कर्ज होतं.

पहिल्याच सुनावणीत वकिलाने वैयक्तिक बंधपत्र किंवा झेपेल एवढ्या रोख रकमेचा अर्ज करावा, सोबत कुटुंबाच्या फाइलमधला राहण्याचा पुरावा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 478 गृहीत धरतं. जामीन होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्याभरात बंधपत्र भरलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाचे 31 जानेवारी 2023 चे निर्देश आहेत. कुणी आपणहून कळवेल याची वाट बघू नका, आठव्या दिवशी तुम्हीच पत्र द्या. गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून चालू असलेल्याला, जामिनासाठी पैशांची मदत मिळू शकते. निर्णय जिल्ह्यातली समिती घेते.

आणखी एक सापळा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 प्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश मुदत काढली, आणि इतरांनी निम्मी, तर सुटका मिळू शकते. पण एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. आणि पारधी माणूस हाती आला की जिल्ह्यातल्या न उकललेल्या चार गुन्ह्यांत त्याला 'वर्ग' करून घेतलं जातं. एका केसमध्ये जामीन झाला की दुसऱ्या ठाण्याची गाडी तुरुंगाच्या दारात उभी. म्हणून वहीत रकाना हवा: कितवी केस, आणि ती आधीच्या जामिनानंतर किती दिवसांनी लागली. हा क्रम न्यायाधीशांपुढे तक्त्यात मांडला की वेगळा युक्तिवाद फारसा करावा लागत नाही. 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर मिळणाऱ्या जामिनाची तारीख प्रत्येक केसची वेगळी लिहून ठेवा, वकील विसरतात. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती दर तिमाहीला बसते, तिच्या सचिवांकडे यादी आधी पोचवा.

ठाण्यातली यादी

'रेकॉर्डवरचा' हा शब्द ज्याला चिकटला त्याच्या घरावर पोलिसांच्या प्रत्येक कॉम्बिंगमध्ये, म्हणजे शोधमोहिमेत, थाप पडते. इथे दोन निकाल छापून जवळ ठेवा. 7 मे 2024 च्या अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून म्हटलं, की मागास समाज आणि विमुक्त जातींच्या लोकांची नावं केवळ जातीच्या पूर्वग्रहाने पोलिसांच्या अशा नोंदींत जाऊ नयेत, आणि वरिष्ठ अधिकाऱ्याने या नोंदी वेळोवेळी तपासाव्यात. 3 ऑक्टोबर 2024 चा निकाल पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा. तुरुंगातली जातीनुसार कामाची वाटणी त्याने रद्द केली, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला, आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनी 2014 च्या अर्नेश कुमार निकालाचं (सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक नको) आणि वरच्या निकालाचं पालन करावं असं सांगितलं.

तुमचा अर्ज असा: आमच्या वस्तीतली कोणती नावं कोणत्या नोंदीत आहेत त्याचा आढावा घ्यावा, निर्दोष सुटलेल्यांची नावं कमी करावीत, सोबत निकालांच्या प्रती. एकेका माणसाचा वेगळा अर्ज. तडीपारीची नोटीस आली तर लेखी उत्तर द्याच, आणि आदेश झाला तर 30 दिवसांत शासनाकडे अपील करा. नोटिशीत फक्त गुन्ह्यांची संख्या असते, किती सुटले ते नसतं.

अधिकाऱ्यांसोबत बसणं

सहा महिन्यांची वही झाली की उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांची वेळ घ्या. मोर्चाच्या दिवशी नको. दोन पानांचा तक्ता, वस्तीतली एक बाई, एक वकील. मागण्या चारच, आणि मोजता येतील अशा: वस्तीवर रात्री जाताना महिला अंमलदार आणि स्टेशन डायरीत नोंद, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक केली तर लेखी कारण, 122 आणि 129 च्या कारवायांचा तिमाही आकडा, प्रसिद्धीपत्रकात 'पारधी टोळी' हा शब्द बंद. शेवटची मागणी स्थानिक वार्ताहरांकडेही घेऊन जा.

मला भेटलेले सगळे अधिकारी वाईट नव्हते. एकाने तक्ता बघून स्वतःच बीट अंमलदाराला बोलावलं आणि विचारलं, मागच्या वर्षी 122 मध्ये धरलेल्यांत वस्तीबाहेरचे किती? अंमलदार गप्प राहिला. त्या ठाण्यातल्या रात्रीच्या धाडी त्यानंतर कमी झाल्या. तो अधिकारी बदलून गेल्यावर पुन्हा वाढल्या. म्हणून नव्या अधिकाऱ्याच्या पहिल्याच महिन्यात भेट ठरवा आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त सोबत न्या.

गावालाही बाजूला ठेवू नका. ज्याचं घर फुटलं त्याला खरा चोर हवा असतो. सरपंच, पोलीस पाटील आणि गावातला सराफ यांना हे शांतपणे सांगितलं तर ते ऐकतात.

तक्रार

ऐकलं नाही तर पुढचा रस्ता. गुन्हाच नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षक, मग न्यायदंडाधिकारी. खोटा खटला लादला असेल आणि माणूस अनुसूचित जमातीचा असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम 3(1)(p), कर्तव्यात कसूर असेल तर कलम 4. मारहाणीसाठी राज्य मानवी हक्क आयोग आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण. या दोन्हींना सीसीटीव्हीचं चित्रण मागवता येतं, म्हणून अर्जात तारीख, तास आणि ठाण्यातली खोली लिहा. कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यानेच व्हायला हवी. शवविच्छेदनाआधी त्यांना लेखी कळवा आणि नातेवाईक हजर राहू द्या.

तक्रार दिल्यावर पहिले पंधरा दिवस रोज संध्याकाळी वस्तीवर फोन करा आणि तो फोनही वहीत लिहा. आमच्या वस्तीतली सातवीत शिकणारी एक मुलगी आता हे लिहिते. गाडीचा नंबर तिला अंधारातही वाचता येतो. मागच्या महिन्यात तिने स्वतःहून एक रकाना वाढवला: 'त्या रात्रीनंतर शाळेत कोण आलं नाही'.